बेलव्ह्यूच्या दारातल्या नर्सेस

मुंबईत कुणी भलतंच वागायला लागलं की 'याला ठाण्याला पाठवा' असं म्हणतात, पुण्यात येरवड्याचं नाव निघतं. न्यूयॉर्कमध्ये हेच काम 'बेलव्ह्यू' हा एक शब्द करतो. वास्तविक मॅनहॅटनच्या पूर्व काठावर, पहिल्या अव्हेन्यूवर उभं असलेलं हे शहराच्या मालकीचं सर्वसाधारण रुग्णालय आहे. तिथे बाळंतपणं होतात, हाडं जोडली जातात, गोळी लागलेले पोलीस आणि आजारी कैदी एकाच छताखाली बरे होतात. हृदयात बारीक नळी सरकवून तपासणी करण्याचं तंत्र इथल्या आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स या डॉक्टरांनी पुढे नेलं आणि १९५६ चं नोबेल मिळवलं. तरीही लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते वेडाशी जोडलेलं. या रुग्णालयाने दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, हा इथला जुना शिरस्ता. त्यामुळे रात्री-अपरात्री रस्त्यावर ओरडणारा, स्वतःला मारून घेणारा माणूस सापडला की पोलिसांना दुसरा पत्ता आठवत नसे.

अशा माणसाजवळ डॉक्टर काही मिनिटं थांबतो. उरलेले तास नर्स काढते. बेलव्ह्यूचा इतिहास सांगताना इमारती, अधीक्षक आणि गाजलेले रुग्ण यांची नावं येतात. दारात उभ्या असलेल्या या नर्सचा इतिहास मात्र तुकड्यातुकड्यांनीच सापडतो. ते तुकडे जोडले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. मनोरुग्णांसाठी शहराने जे जे केलं, त्यातलं बरंचसं त्यांना इथून दुसरीकडे हलवण्यासाठी होतं. जिथे आहेत तिथे त्यांची स्थिती सुधारली, ती बहुतेक वेळा नर्सचं काम बदललं तेव्हाच.

सुरुवात १७३६ ची. आज जिथे न्यूयॉर्कचं सिटी हॉल पार्क आहे, तिथे गरिबांसाठी आणि गुन्हेगारांसाठी एकत्रच एक आश्रम-कम-तुरुंग बांधला गेला. त्यातल्या माडीवरच्या एका खोलीत आजाऱ्यांसाठी सहा खाटा होत्या. बेलव्ह्यू आपला उगम त्या सहा खाटांपर्यंत नेतं. पुढे पीतज्वराच्या साथींच्या काळात शहराने ईस्ट नदीकाठची 'बेल व्ह्यू' नावाची जागा घेतली आणि १८१६ मध्ये तिथे मोठा अनाथ-निराधार आश्रम सुरू झाला. भिकारी, अनाथ मुलं, तापाचे रुग्ण आणि वेडे एकाच आवारात. १८३९ मध्ये समोरच्या नदीतल्या ब्लॅकवेल्स बेटावर शहराचं वेड्यांचं इस्पितळ उघडलं. त्याच बेटावर तुरुंगही होता, आणि वेड्यांची देखभाल करायला त्या तुरुंगातले कैदीच लावले जात. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स ते पाहायला गेला आणि हादरून लवकरच बाहेर पडला.

खुद्द बेलव्ह्यूतही परिस्थिती वेगळी नव्हती. दारू पिऊन धिंगाणा घातल्याबद्दल पोलीस कोर्टाने दहा दिवसांची शिक्षा दिलेल्या बायका वॉर्डांत कामाला आणल्या जात. त्यांना नावच पडलं होतं, 'दहा दिवसवाल्या'. अकराव्या दिवशी त्या जात आणि नव्या येत. रात्री तर वॉर्ड पहारेकऱ्यांच्या भरवशावर असे.

१८६९ मध्ये एडवर्ड डॉल्टन या यादवी युद्धात काम केलेल्या सर्जनने बेलव्ह्यूत घोड्यांच्या रुग्णवाहिका सुरू केल्या. शहरात कुठेही कुणी कोसळलं की गाडी निघे. पूर्वी नातेवाइकांनी किंवा पोलिसांनी आणल्यावरच उघडणारं दार आता स्वतः शहरभर हिंडू लागलं. आत येणाऱ्यांची संख्या वाढली, पण त्यांना सांभाळणारे हात तेच राहिले.

ते हात बदलण्याचं काम बायकांनी केलं. लुइझा ली शायलर या श्रीमंत घरातल्या समाजसेविकेने १८७२ मध्ये एक संस्था काढून बेलव्ह्यूच्या वॉर्डांत नियमित भेटी सुरू केल्या. तिथली घाण आणि अनास्था पाहून या बायका घाबरून घरी बसल्या नाहीत. त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या पद्धतीची नर्सिंग शाळा काढायचं ठरवलं. १ मे १८७३ रोजी ती सुरू झाली. नाइटिंगेलच्या तत्त्वांवर चाललेली अमेरिकेतली ही पहिली शाळा मानली जाते. थोड्याच दिवसांत लिंडा रिचर्ड्स ही अमेरिकेतली पहिली प्रशिक्षित नर्स इथे रात्रपाळीची प्रमुख म्हणून आली. रात्री कुणाची तब्येत कशी होती, काय दिलं, झोप लागली का, हे ती लिहून ठेवू लागली. पाळी बदलली तरी रुग्णाची हकिकत हरवू नये, एवढाच तिचा हेतू होता. नर्सने नोंद ठेवायची या आज सर्वत्र रुळलेल्या पद्धतीच्या सुरुवातीच्या पाऊलखुणा इथे आहेत.

पण शाळेच्या मुलींनी आरंभी मोजकेच वॉर्ड हाती घेतले होते. १८७९ मध्ये आवारात 'इन्सेन पॅव्हेलियन' ही वेगळी इमारत उभी राहिली. कोर्टातून किंवा पोलिसांकडून आलेल्या माणसाला तिथे काही दिवस ठेवायचं, डॉक्टरांनी तपासायचं आणि वेडा ठरला तर बोटीत बसवून बेटावर पाठवायचं, अशी व्यवस्था होती. म्हणजे ती उपचारांपेक्षा निवाड्याची जागा होती. आणि जिथून माणूस चार दिवसांत पुढे जाणारच, तिथल्या देखभालीकडे कोण लक्ष देणार?

सप्टेंबर १८८७ मध्ये नेली ब्लाय या तरुण पत्रकाराने 'न्यूयॉर्क वर्ल्ड'साठी वेडेपणाचं सोंग घेतलं आणि ती याच दारातून आत गेली. तिचं गाजलेलं वृत्त ब्लॅकवेल्स बेटावरच्या दहा दिवसांबद्दल आहे, पण बेलव्ह्यूतल्या मुक्कामाचा भागही तितकाच बोलका आहे. थंडीने कुडकुडणाऱ्या बायकांनी उबदार कपडे मागितले, तर धर्मादाय संस्थेत राहणाऱ्यांनी अपेक्षा ठेवू नयेत, असं नर्सने ऐकवलं. तपासायला आलेल्या एका डॉक्टरचं लक्ष रुग्णापेक्षा नर्सकडे जास्त होतं, हेही तिने लिहिलं. आणि तेवढ्या तपासणीवर तिला ठार वेडी ठरवून बेटावर रवाना केलं गेलं. वृत्त छापून येताच ग्रँड ज्युरी बसली, शहराने वेड्यांच्या व्यवस्थेची आर्थिक तरतूद वाढवली. तिच्या लेखनात नर्सेस खलनायिका म्हणून दिसतात. त्या कोण होत्या, त्यांना काय शिकवलं होतं आणि एकीच्या वाट्याला किती बायका होत्या, हे प्रश्न त्या गदारोळात कुणी फारसे विचारले नाहीत.

ते प्रश्न विचारणारा एक डॉक्टर बॉस्टनजवळ होता. एडवर्ड काउल्स यांनी १८८२ मध्ये मॅक्लीन असायलममध्ये नर्सिंग शाळा काढली. मनोरुग्णालयाने चालवलेली अमेरिकेतली ही पहिली शाळा. अंगमेहनतीच्या रखवालदाराऐवजी शिकलेली नर्स आणली तर साखळदंडाची गरज कमी होते, हा त्यांचा अनुभव होता. लिंडा रिचर्ड्सनेही आयुष्याच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्स आणि मिशिगनमधल्या मनोरुग्णालयांत नर्सिंगची घडी बसवली. शरीराच्या आजाऱ्याला जेवढी चांगली शुश्रूषा मिळते, निदान तेवढी मनाच्या आजाऱ्याला मिळायलाच हवी, असं तिचं साधं म्हणणं होतं.

बेलव्ह्यूने १८८८ मध्ये पुरुषांसाठी 'मिल्स ट्रेनिंग स्कूल' सुरू केलं. आडदांड, बेभान पुरुष रुग्णांच्या वॉर्डात बायकांना पाठवायचं नाही आणि अडाणी रखवालदारही नकोत, म्हणून शिकलेले पुरुष नर्स. कल्पना चांगली होती, पण बारा वर्षांतच ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. डिसेंबर १९०० मध्ये एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराने ब्लायसारखंच सोंग घेऊन पॅव्हेलियनमध्ये प्रवेश मिळवला. जेवायला नकार देणाऱ्या एका फ्रेंच रुग्णाचा नर्सनी गळा आवळून जीव घेतला, असं आपण डोळ्यांनी पाहिलं, असा त्याचा दावा होता. शहर पेटलं. खटला उभा राहिला. उलटतपासात बातमीदाराची साक्ष इतकी ढासळली की ज्युरीने आरोपी नर्सला निर्दोष सोडलं. वकील फ्रान्सिस वेलमन यांनी उलटतपासाच्या कलेवरच्या १९०३ च्या आपल्या पुस्तकात हे प्रकरण नमुना म्हणून घेतलं. सत्य काहीही असो, त्या बंद वॉर्डात काय चालतं हे सिद्ध करायला किंवा खोडून काढायला शपथेवरच्या साक्षीखेरीज फारसं काही हाताशी नव्हतं.

पुढची तीस वर्षं बेलव्ह्यूच्या मानसोपचार विभागाचे प्रमुख डॉ. मेनास ग्रेगरी यांची. 'इन्सेन' जाऊन 'सायकोपॅथिक' शब्द आला आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी मनोरुग्णांसाठी प्रशस्त नवी इमारत मिळाली. डेव्हिड वेक्सलर यांनी बुद्धिमापनाची आपली सुप्रसिद्ध चाचणी इथेच तयार केली. १९३९ मध्ये ती 'वेक्सलर-बेलव्ह्यू' या नावानेच प्रसिद्ध झाली.

या काळातल्या नर्सचं काम हाताचं होतं, आणि अवघड होतं. खवळलेल्या रुग्णाला थंड पाण्यात भिजवलेल्या चादरींत घट्ट गुंडाळायचं, किंवा कोमट पाण्याच्या टबात तासन् तास ठेवायचं आणि टबावर कॅनव्हास ताणून फक्त डोकं बाहेर राहू द्यायचं. पाण्याचं तापमान सतत पाहायचं. झोपेसाठी पॅराल्डिहाइड द्यायचं; त्याचा उग्र दर्प रुग्णाच्या श्वासाला आणि सगळ्या वॉर्डाला येत राही. १९३६ मध्ये जोसेफ वॉर्टिस यांनी व्हिएन्नातली इन्सुलिन-कोमाची पद्धत बेलव्ह्यूत आणली. रुग्णाला इन्सुलिन टोचून मुद्दाम बेशुद्ध करायचं आणि वेळेवर साखर देऊन परत आणायचं. घाम, नाडी, श्वास, झटके यांवर नजर ठेवणारी नर्स चुकली तर रुग्ण परत येईलच असं नसे. डॉक्टरांच्या प्रत्येक नव्या प्रयोगाने नर्सच्या नजरेवरचा भार वाढवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. रणांगणावरून मन मोडून परतलेल्या हजारो सैनिकांनी सरकारला जाग आणली. १९४६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायद्याने मानसोपचार नर्सिंगच्या शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांच्या रांगेत नर्सला बसवलं गेलं.

या रांगेत सर्वांत मोठं नाव हिल्डगार्ड पेप्लाऊ यांचं. युद्धकाळात त्यांनी इंग्लंडमधल्या अमेरिकी लष्करी मनोरुग्णालयात काम केलं होतं. नर्स आणि रुग्ण यांच्यातल्या नात्यावरचं त्यांचं पुस्तक १९४८ मध्ये लिहून तयार होतं, पण एकट्या नर्सने, कुणा डॉक्टरला सहलेखक न घेता, असं सैद्धांतिक पुस्तक काढावं हे त्या वेळी पचणारं नव्हतं. ते १९५२ मध्ये बाहेर आलं. त्यांची मांडणी अशी, की नर्स रुग्णाला प्रथम भेटते ती परकी व्यक्ती म्हणून. पुढे ती माहिती देणारी, शिकवणारी, आधार देणारी अशा भूमिका घेत जाते. चिंतेच्या त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि अगदी टोकाची घबराट. वरच्या पायऱ्यांवर असलेल्या माणसाला लांबलचक वाक्यं ऐकूच येत नाहीत. त्याच्याशी थोडक्यात, सावकाश, एका वेळी एकच गोष्ट बोलायची. ज्याला आपण दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं आणि जो भीतीने थरथरतोय, अशा माणसाशी इमर्जन्सीतल्या नर्सने कसं बोलावं याचं हे जवळजवळ पाठ्यपुस्तकच होतं. १९५४ मध्ये पेप्लाऊ यांनी रटगर्स विद्यापीठात मानसोपचार नर्सिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

त्याच वर्षी क्लोरप्रोमाझिन हे औषध अमेरिकेत आलं. भिजलेल्या चादरी आणि टब हळूहळू अडगळीत गेले. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक लोक होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या सत्तर हजारांच्या आसपास आली. एवढी माणसं बाहेर आली, त्यांनी जायचं कुठे? १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सही केलेल्या कायद्याचं उत्तर होतं, वस्तीवस्तीत मानसिक आरोग्य केंद्रं. त्या प्रत्येक केंद्रात पाच सेवा अनिवार्य होत्या आणि चोवीस तासांची आपत्कालीन सेवा त्यांतली एक होती. पण ठरवलेल्यांपैकी निम्मीच केंद्रं उभी राहिली. १९६५ च्या मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेने पासष्टीच्या आतल्या प्रौढांच्या मनोरुग्णालयातल्या खर्चाला पैसे नाकारले. सर्वसाधारण रुग्णालयात मात्र तो खर्च मिळे. परिणाम सरळ होता. मोठी मनोरुग्णालयं रिकामी होत गेली आणि सर्वसाधारण रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत गर्दी वाढली.

हे विभागही तेव्हा नुकतेच आकार घेत होते. अनिटा डॉर आणि ज्युडिथ केलेहर या दोन नर्सेसनी १९७० मध्ये आपत्कालीन विभागातल्या नर्सेसची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. हृदयविकार, अपघात, भाजणं यांची तयारी करून आलेल्या या नर्सेससमोर आता आवाज ऐकू येणारे, जीव द्यायला निघालेले, औषधं बंद केलेले रुग्ण येऊन बसू लागले. १९८६ मध्ये केंद्रीय कायदा आला: आपत्कालीन विभागात आलेल्या प्रत्येकाला, पैसे असोत नसोत, तपासायचं आणि स्थिर करायचं. मानसिक संकटालाही तो लागू होता. बेलव्ह्यूचा जुना शिरस्ता आता देशभराचा कायदा झाला. स्थिर झाल्यावर पुढे कुठे पाठवायचं, याची सोय मात्र त्या कायद्यात नव्हती.

ब्लायनंतर बरोबर शंभर वर्षांनी, ऑक्टोबर १९८७ मध्ये, बेघर मनोरुग्णांना रुग्णालयात नेण्याच्या महापौर एड कॉच यांच्या मोहिमेत दुसऱ्या अव्हेन्यूच्या फुटपाथवर राहणाऱ्या चाळिशीच्या एका स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध बेलव्ह्यूत आणलं गेलं. नागरी हक्क संघटनेचे वकील तिच्या बाजूने उभे राहिले. एका न्यायाधीशाने सोडायचा आदेश दिला, वरच्या कोर्टाने तो फिरवला, पण जबरदस्तीने औषध द्यायला परवानगी मिळेना, तेव्हा जानेवारी १९८८ मध्ये रुग्णालयाने तिला सोडलं. पुढच्याच महिन्यात ती हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात बोलायला गेली. बेघरांचे प्रश्न, हक्क आणि उपचार यांवर अमेरिका महिनोन् महिने भांडली. बेलव्ह्यूत आलेल्या ब्लायला कुणी नीट विचारलंसुद्धा नव्हतं. शंभर वर्षांनी आलेल्या या स्त्रीच्या प्रत्येक शब्दाचा कोर्टात कीस पडला. दोघींच्या मधल्या काळात कायदा किती बदलला, ते यावरून कळतं.

१९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने 'सर्वंकष मानसोपचार आपत्कालीन कार्यक्रमा'चा कायदा केला. त्यानुसार निवडक रुग्णालयांत मानसिक आणीबाणीसाठी वेगळा विभाग, निरीक्षणाच्या खाटा, घरी जाणारं फिरतं पथक, आणि रुग्णाला जास्तीत जास्त ७२ तास ठेवण्याची मुभा मिळाली. बेलव्ह्यूत असा विभाग आहे. 'दाखल करा' आणि 'घरी सोडा' यांच्यामधली ही जागा मुख्यतः नर्सच्या नजरेवर चालते. औषध लागू पडलं का, नशा उतरल्यावर तोच माणूस कसा बोलतो, घरच्यांच्या फोननंतर तो शांत झाला की बिथरला, या बारीकसारीक निरीक्षणांवरच पुढचा निर्णय उभा राहतो. लिंडा रिचर्ड्सच्या रात्रीच्या नोंदींचंच हे काम, फक्त आता त्याला कायद्याचं वजन आलं.

बांधून ठेवण्याचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. १९९८ मध्ये 'हार्टफर्ड कुरंट' या दैनिकाने दहा वर्षांत देशभर बांधून किंवा दाबून ठेवताना झालेल्या १४२ मृत्यूंची मालिका छापली. त्यानंतर केंद्राने नियम घातला: हिंसक वागणुकीमुळे बांधलेल्या रुग्णाला तासाभरात समक्ष तपासलंच पाहिजे, आणि प्रौढासाठी आदेश चार तासांपुरताच. आधी हे तपासणं डॉक्टरचं काम होतं. २००६ च्या नियमाने ते प्रशिक्षित नर्सलाही करता येऊ लागलं. एकेकाळी गळा आवळल्याच्या आरोपाखाली जिचा पेशा कोर्टात उभा होता, तिच्यावरच आता बंधन योग्य आहे का ते पाहण्याची जबाबदारी आली.

नियम असले म्हणून सगळं ठीक होत नाही, हे २००८ च्या जूनमध्ये ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी रुग्णालयात दिसलं. मानसोपचाराच्या आपत्कालीन विभागात खाटेसाठी सुमारे २४ तास ताटकळलेली ४९ वर्षांची स्त्री खुर्चीवरून खाली कोसळली. तासभर ती फरशीवर पडून होती. कर्मचारी आणि पहारेकरी येऊन पाहून गेले. तिच्या नोंदवहीत त्या वेळी ती उठून स्वच्छतागृहात गेल्याचं, शांत बसल्याचं लिहिलेलं होतं. कॅमेऱ्याने खरं काय ते दाखवलं. या विभागाबद्दल आदल्या वर्षीच खटला दाखल झालेला होता. नंतर शहराने दर १५ मिनिटांनी रुग्णांना पाहणं आणि विभागातली संख्या मर्यादित ठेवणं मान्य केलं.

ही रखडपट्टी न्यूयॉर्कपुरती नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, मनोरुग्णालयात जागा नाही म्हणून रुग्णाला आपत्कालीन विभागात अडकवून ठेवणं बेकायदा ठरवलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या अलामीडा काउंटीतून दुसरी वाट दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. स्कॉट झेलर यांच्या तिथल्या मानसोपचार आपत्कालीन विभागात खाटांच्या ओळींऐवजी एका मोठ्या खोलीत आरामखुर्च्या असतात, नर्स काचेमागे न बसता रुग्णांमध्ये वावरते आणि उपचार आल्या आल्या सुरू होतात. अशा विभागामुळे आजूबाजूच्या रुग्णालयांतली ताटकळण्याची वेळ ८० टक्क्यांहून अधिक घटली आणि सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना मनोरुग्णालयात धाडावं लागलं नाही.

बेलव्ह्यूपासून अलामीडापर्यंतचा हिशेब मांडला तर बेटं, पॅव्हेलियन आणि नव्या इमारती यांनी मनोरुग्णाचा पत्ता बदलला. त्याला वागवण्याची तऱ्हा बदलली ती १८७३ च्या शाळेने, रात्रीच्या नोंदींनी, पेप्लाऊंच्या संभाषणाने, तासाभरात करायच्या तपासणीने आणि काचेबाहेर आलेल्या नर्सने. तरीही आपत्कालीन विभागासाठी पैसा मंजूर होताना आधी खाटा मोजल्या जातात आणि नर्सेस नंतर. हा क्रम उलटा आहे, आणि तो उलटा असल्याचा पुरावा बेलव्ह्यूच्या दीडशे वर्षांत जागोजागी आहे.